दुधासाठी मोटार

श्रोतेहो, चहाला दूध नाही, ही काही मोठी आपत्ती नव्हे. आपल्याकडे अशा वेळी घरातल्या पोराच्या हातात पैसे ठेवायचे, आणि चुलीवरचे आधण उकळेपर्यंत पोर दूध घेऊन दारात हजर होते. वाटेत ते गोट्या खेळत बसले तर गोष्ट वेगळी. मी मात्र एकदा अशाच चहाच्या दुधासाठी तासाभराच्या वर पायपीट केली, आणि तीसुद्धा दुकान खिडकीतून समोर दिसत असताना.

परदेशात राहताना रोजची कामे पायी करावीत की मोटारीने, असा आजचा विषय मला दिला आहे. मी परदेश पाहिला तो एकच, आणि त्यातलेही एकच गाव. तेव्हा सगळ्या परदेशांबद्दल बोलण्याचा अधिकार मला नाही. जे दोन वर्षे पायाखाली घातले तेवढेच सांगतो.

२०१५ सालच्या ऑगस्ट महिन्यात माझ्या पत्नीला तिच्या कंपनीने अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी पाठवले. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात भूगोल शिकवतो. बिनपगारी रजा काढली आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन मागोमाग गेलो. नवरा बायकोच्या मागून चालला, याचे गावात थोडे कौतुक झाले, थोडी थट्टाही झाली. माझ्या परवान्यावर तिथे नोकरी करता येत नव्हती. त्यामुळे स्वयंपाक, मुलीची शाळा आणि बाजारहाट ही तीन खाती माझ्याकडे आली. बाजारहाटाचे खाते किती अवघड आहे, हे पहिल्याच संध्याकाळी कळले.

कोलंबस ही ओहायोची राजधानी. शहर मोठे, विद्यापीठ मोठे, पण १९७९ पासून तिथे प्रवासी आगगाडी येत नाही. शहराच्या मध्यभागी जुनी वस्ती आहे, तिथे माणसे पायी हिंडतात, चौकाचौकांत दुकाने आहेत. आम्ही राहत होतो ते शहराच्या कडेला, नव्या वस्तीत, कारण तिथे भाडे कमी आणि पत्नीचे ऑफिस जवळ. जवळ म्हणजे सात मैल. आमच्या दुमजली चाळवजा इमारती एका तळ्याभोवती उभ्या होत्या. तळे कसले, पावसाचे पाणी साठवायला खणलेला खड्डा. त्यात बदके पोहत. तळ्यापलीकडे लाकडी फळ्यांचे कुंपण, आणि कुंपणापलीकडे भलेमोठे किराणा दुकान. खिडकीतून त्याची पाटी वाचता येई. सरळ रेघ ओढली तर अंतर दीड फर्लांग.

पण सरळ रेघेने जायचे कसे? वस्तीला दार एकच, तेही दुकानाच्या उलट्या बाजूला. दारातून बाहेर पडायचे, वळणावळणाच्या रस्त्याने मोठ्या रस्त्याला लागायचे, मोठ्या रस्त्याने चौकापर्यंत जायचे, चौक ओलांडायचा, मग दुकानाच्या आवारात शिरून मोटारी उभ्या करण्याचे मैदान तुडवायचे. एकूण सव्वा मैल. अर्ध्या रस्त्याला पदपथ होता, अर्ध्याला नव्हता. जिथे नव्हता तिथे मी गवतातून चाललो. शेजारून मोटारी अशा जात की सदऱ्याचा घोळ उडे. एका गाडीवानाने गाडी हळू करून, काच खाली करून, मला विचारले की तुमची गाडी बिघडली आहे का? माणूस भला होता. रस्त्याच्या कडेने चालणारा मनुष्य म्हणजे गाडी बंद पडलेला मनुष्य, एवढाच अर्थ त्याला ठाऊक.

दूध तिथे गॅलनच्या बुधल्यात मिळते. गॅलन म्हणजे पावणेचार लिटरांहून थोडे जास्त, वजन चार किलोच्या घरात. ते बोटाला अडकवून सव्वा मैल परत आलो तेव्हा बोटाला वळ उठले होते आणि चहाची वेळ टळून गेली होती. पत्नी म्हणाली, "अहो, लायसन काढा आता."

लायसन काढणे हाही एक सोहळा. आधी चाळीस प्रश्नांची लेखी परीक्षा, त्यात तीस बरोबर यावे लागतात. ती मास्तराला काय अवघड? मग रस्त्यावर गाडी चालवून दाखवायची, आणि शिवाय ओहायोची एक खास परीक्षा आहे. नऊ फूट रुंद आणि वीस फूट लांब अशी चौकट चार खुणांनी आखलेली असते, आणि तिच्या पुढे मधोमध पाचवी खूण. चौकटीतून पुढे जाऊन त्या खुणेला वळसा घालायचा, आणि तसेच उलटे, मागे बघत परत यायचे. खूण पाडली की नापास. मी पाडली. आयुष्यभर मुलांना नापास करणाऱ्या माणसाला परीक्षकाने अत्यंत नम्रपणे नापास केले. दुसऱ्या खेपेस पास झालो, एक जुनी मोटार घेतली, आणि त्या दिवसापासून चार मिनिटांत दूध येऊ लागले.

आता मोटारीची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा मास्तर एकतर्फी बोलतो. जानेवारीत तिथे बर्फ पडते. रस्ता साफ करणारे यंत्र बर्फ ढकलून कडेला टाकते, आणि कडेला म्हणजे नेमके पदपथावर. गुडघाभर बर्फाचा ढीग ओलांडत, हातात पिशवी घेऊन, कोण चालणार? मुलीला मध्यरात्री ताप चढला तेव्हा मोटारीने आम्ही पंधरा मिनिटांत दवाखान्यात होतो. तूरडाळ आणि ज्वारीचे पीठ मिळणारे भारतीय दुकान सहा मैलांवर; दर रविवारी आठवड्याचा बाजार गाडीच्या पोटात भरून आणायचो. पत्नी एकटी, कुणाची वाट न पाहता, हवी तेव्हा हवी तिकडे जाऊ शके. हे सुख लहान नाही. मोटार वाईट, चालणे चांगले, असे सांगायला मी आलेलो नाही.

मला कोडे पडले ते वेगळेच. मी तोच, माझे पाय तेच. इकडे असताना मी दिवसातून चारदा बाजारात जाई, आणि त्याला कधी व्यायाम म्हटले नाही. तिकडे वर्षभरात माझे पोट सुटले. मी आळशी झालो होतो का? भूगोलाचा मास्तर असल्यामुळे मी नकाशा उघडून बसलो. नकाशात घरे एका जागी, नुसती घरेच. दुकाने दुसऱ्या जागी, नुसती दुकानेच. कचेऱ्या तिसरीकडे. धान्य निवडून वेगवेगळ्या डब्यांत भरावे तसे गाव निवडून ठेवलेले.

हे असे का, याचा शोध घेताना गंमत अशी कळली की त्याची एक मोठी कथा ओहायोतच घडली. क्लीव्हलंड शहराशेजारी युक्लिड नावाचे गाव आहे. नाव भूमितीच्या त्या ग्रीक आचार्याचेच. तिथली जमीन मोजणाऱ्या मोजणीदारांनी आपल्या गुरूची आठवण म्हणून ठेवलेले. ह्या गावाने १९२२ साली नियम केला की अमुक भागात घरेच, अमुक भागात दुकाने, अमुक भागात कारखाने. एका जमीनवाल्या कंपनीने दावा लावला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९२६ साली निकाल गावाच्या बाजूने लागला. हेतू वाईट नव्हता. कारखान्याचा धूर लेकराबाळांच्या घरात येऊ नये, असे कुणालाही वाटेल. पण त्या निकालानंतर देशभर गावे अशी कप्प्याकप्प्यांनी आखली जाऊ लागली, आणि कारखान्याबरोबर कोपऱ्यावरचा वाणीही घरांपासून दूर गेला. पुढे १९५६ च्या कायद्याने एकेचाळीस हजार मैलांचे हमरस्ते बांधायला घेतले, खर्चाचा नव्वद टक्के भार मध्यवर्ती सरकारने उचलला, आणि लांब राहणे सोपे झाले.

त्यात आणखी एक नियम मिसळला, तो गाड्या उभ्या करण्याच्या जागेचा. अनेक गावांत कायदाच असा होता की हजार चौरस फुटांचे दुकान काढायचे तर चार-पाच मोटारींना जागा ठेवलीच पाहिजे. एका मोटारीला, वळायच्या वाटेसकट, तीनशे चौरस फूट तरी लागतात. करा हिशेब. चार गाड्यांना बाराशे फूट. म्हणजे दुकानाहून मैदान मोठे. अशी दहा दुकाने ओळीने आली की दोन दुकानांमधले अंतरच पायाला न परवडणारे होते. मग लोक मोटारीने येतात, आणि लोक मोटारीने येतात म्हणून पुढच्या दुकानालाही मैदान हवे. आता काही गावे हे नियम मागे घेत आहेत. बफेलो शहराने २०१७ साली घेतले, आणि कोलंबसनेही २०२४ मध्ये आपल्या काही मुख्य रस्त्यांपुरते ते सोडले. पण एकदा डांबर घातलेली जमीन लवकर मोकळी होत नाही.

एक शब्द तुम्हांला मुद्दाम सांगतो, कारण त्यात आपल्यासारख्या खेड्यातल्या माणसांचा मान गुंतला आहे. तिथे वाटेल तिथून रस्ता ओलांडणाऱ्याला 'जेवॉकर' म्हणतात. 'जे' म्हणजे त्या काळच्या बोलीत गावंढळ, शहरात येऊन भांबावलेला अडाणी. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी वाढल्या, माणसे चिरडली जाऊ लागली, तेव्हा दोष कुणाचा हा वाद पेटला. रस्ता तोवर सगळ्यांचा होता; पोरे त्यात खेळत, फेरीवाले उभे राहत. मोटारवाल्यांच्या मंडळांनी हा हिणकस शब्द उचलून धरला, आणि चालणाराच गावंढळ ठरला. लॉस एंजलिसने १९२५ साली तसा नियम केला. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०२३ च्या जानेवारीपासून, कॅलिफोर्नियात धोका नसताना असा रस्ता ओलांडल्याबद्दल पोलिसांनी दंड करणे थांबले. मी तिथे असताना कुणी मला हा शब्द वापरला नाही. पण गवतातून दूध घेऊन येताना मी स्वतःलाच तसा वाटलो होतो खरा.

आता आईची गोष्ट. आमचे गाव पुरंदर तालुक्यात, सासवडच्या बाजूला. आई माळकरी. तिने आळंदीहून पंढरपूरची वारी पायी अकरा वेळा केली आहे. सुमारे अडीचशे किलोमीटर वाट, दिवे घाट चढून. २०१६ च्या मे महिन्यात ती चार महिन्यांसाठी आमच्याकडे आली, त्या वेळी तिचे वय अडुसष्ट. घर पाहून खूश झाली. चोवीस तास नळाला पाणी, त्यातही गरम! दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, पातळ नेसून, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चल, कुठं जायाचं?"

कुठे जाणार? पत्नी गाडी घेऊन ऑफिसला गेलेली. बसचा सर्वांत जवळचा थांबा दोन मैलांवर. आई वस्तीतल्या वस्तीत एक फेरी मारून आली. आल्यावर विचारते, "आरं, ह्या गावात मानसं हायती का न्हाईत? दारं समदी बंद. रस्त्यावर कुत्रंबी एकटं फिरंना." पाचव्या दिवशी ती खिडकीशी बसून राहू लागली. दहाव्या दिवशी म्हणाली, "तुझं घर चांगलं हाय. पर मला कोंडवाड्यात घातल्यावानी वाटतंय." मला काही उत्तर सुचले नाही. जी बाई वारीत तळपायाला फोड आले तरी टेम्पोत बसली नाही, तिला माझ्या घरातून शेरभर साखर आणायला जाता येत नव्हते.

मग एके दिवशी दुपारी ती दिसेना. मी घाबरलो. तिला ना भाषा येते, ना पत्ता सांगता येतो. खाली धावलो, तर ती तळ्याच्या पलीकडे, कुंपणापाशी, कमरेवर हात ठेवून उभी. मला हाक मारून म्हणाली, "हिकडं ये. ही बघ पाऊलवाट."

मी बघितले, मला गवत दिसले. ती म्हणाली, "गवत निजलंय, दिसंना व्हय? हितनं मानसं रोज जात्यात." आणि खरेच, नीट पाहिल्यावर गवतात वीतभर रुंदीची पट्टी दिसली, दाबलेली, मधे मधे माती उघडी पडलेली. ती तळ्याला वळसा घालून कुंपणाच्या कोपऱ्याला जात होती, आणि तिथे दोन फळ्या निखळलेल्या होत्या. माणूस आडवा होऊन सहज निघेल एवढी फट. मी नऊ महिने तिथे राहत होतो. भूगोलाचा पदवीधर. नकाशे काढून बसलो होतो. मला ती वाट दिसली नव्हती, कारण मी गाडीत बसूनच बाहेर पडत होतो.

वाट कुणाची, हे दोन-चार दिवसांत कळले. दुकानाच्या ओळीत दोन खानावळी होत्या. त्यांच्या मुदपाकखान्यात काम करणारी मेक्सिकोकडची पोरे आमच्या वस्तीत मागच्या इमारतीत राहत. तीच पहाटे आणि रात्री त्या फटीतून ये-जा करीत. काही सोमाली बायाही जात. कोलंबसमध्ये सोमाली लोकांची मोठी वस्ती आहे. पायघोळ वस्त्र सावरत, डोक्यावरून पदर घेऊन, हातात पिशव्या घेऊन त्या आल्या की आईला वाटे आपल्याकडच्याच बाया आल्या. त्यांना पाहून ती हात जोडी, त्या छातीवर हात ठेवीत. गाडी नसलेल्यांचे एक गाव त्या गावात होते आणि त्याला रस्ता नव्हता, पाऊलवाट होती.

त्या दिवसापासून दूध सात मिनिटांवर आले. आई रोज सकाळी स्वतः जाई. पैसे मोजायला तिला नातीने शिकवले. गॅलनचा बुधला नको, लहान पुडा आण, असे तिने स्वतःच ठरवले; रोज जायचे तर चार दिवसांचे दूध कशाला वाहायचे? काउंटरवरची एक बाई तिला नावाने ओळखू लागली. आईला दोन महिन्यांत इंग्रजीचे सहा शब्द आले, ते सगळे त्या दुकानातले.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहत, वय ब्याऐंशी. निवृत्त शाळामास्तरीण. तिचा मुलगा दुसऱ्या राज्यात. डोळ्यांनी कमी दिसू लागले म्हणून तिने त्या वसंत ऋतूत गाडी चालवणे सोडले होते. श्रोते शिक्षकहो, साठ वर्षे जी बाई स्वतःच्या हिमतीवर राहिली, तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि ती ब्रेडसाठी परावलंबी झाली. ती मला म्हणाली, दुकान मला माझ्या खिडकीतून दिसते, आणि ब्रेड आणायला मी मुलाला फोन करते, मग तो एका माणसाला फोन करतो. चाकांची काठी घेऊन गवताचा उतार तिला चढवेना, तेव्हा ती वाट तिच्या उपयोगाची नव्हती. मग आई तिचा ब्रेड आणू लागली. दोघींना एकमेकींचे अक्षर कळत नसे. रोज सकाळी दहा वाजता ब्रेड पोचता होई, आणि मग दोघी ओट्यावर बसून आपापल्या भाषेत बोलत.

मोठ्या चौकात मी एकदा आईला घेऊन गेलो होतो, तेही सांगतो. तिथे खांबावर बटण असते. ते दाबून उभे राहायचे; पांढरा माणूस दिसला की चालायचे, नारिंगी हात दिसला की थांबायचे, आणि उरलेले सेकंद आकड्यांनी दिसतात. व्यवस्था उत्तम. पण हिशेब काय धरतात? माणूस सेकंदाला साडेतीन फूट चालतो असा. पूर्वी चार फूट धरीत, २००९ च्या नियमावलीत तो आकडा खाली आला. आमचा चौक सात पदरी, म्हणजे सुमारे चौऱ्याऐंशी फूट. चोवीस सेकंद. आईचे गुडघे दुखत, ती सेकंदाला अडीच फुटांपलीकडे जात नसे. तिला चौतीस लागले. त्यातून तिथे तांबडा दिवा असतानाही मोटारीला उजवीकडे वळायची मुभा आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचावे म्हणून ती देशभर दिली गेली. वळणारा गाडीवान डावीकडून येणाऱ्या गाड्या बघत असतो. उजवीकडून पायी येणारी म्हातारी त्याच्या नजरेत नसते. आम्ही मध्यावर असताना एक गाडी आमच्या पुढ्यातून अशी वळली की आईचा पदर तिला लागला. ती काही बोलली नाही. पलीकडे पोचल्यावर खांबाला धरून उभी राहिली, आणि त्या चौकात पुन्हा आली नाही.

अमेरिकेत २००९ साली रस्त्यावर चालणारी सुमारे चार हजार शंभर माणसे मेली होती. २०२२ साली तो आकडा साडेसात हजारांवर गेला. हे ऐकून आपण मान हलवायला नको. त्याच २०२२ साली आपल्या देशात पायी चालणारे ३२,८२५ लोक रस्त्यावर मेले, हे आपल्या सरकारनेच छापले आहे.

शिक्षकांसाठी आणखी एक आकडा. १९६९ साली अमेरिकेत पाच ते चौदा वर्षांची जवळजवळ निम्मी मुले, शंभरातली अठ्ठेचाळीस, पायी किंवा सायकलने शाळेत जात. २००९ साली तेरा. माझी मुलगी पिवळ्या बसने जाई. त्या बसचे मी कौतुकच करीन. मुले उतरताना तिच्या अंगातून 'थांबा' असा फलक बाहेर येतो, आणि दोन पदरी रस्ता असेल तर दोन्ही बाजूंची सगळी वाहतूक जागच्या जागी थांबते. राजाची स्वारी असली तरी थांबते. पण शाळेतून येताना चिंचा पाडणे, ओढ्यात पाय बुडवणे, मैत्रिणीच्या दारात अर्धा तास रेंगाळणे, हे तिच्या वाट्याला आले नाही. वाटेवर काय आहे, हे तिला दोन वर्षांत सांगता येईना. मी एकदा तिला घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगितला. तिने घर काढले, शाळा काढली, आणि मधे एक पिवळी बस काढली.

ऑगस्टच्या शेवटी, आई परतायच्या आठवड्यात, वस्तीच्या व्यवस्थापनाने कुंपण दुरुस्त केले. नव्या फळ्या, नवे खिळे. मी कचेरीत जाऊन विनंती केली की फट बुजवली ते ठीक, पण तिथे एक लहानसे फाटक करा. व्यवस्थापक सभ्यपणे म्हणाले, "तिकडून कुणी चालत जात नाही." मी त्यांना निजलेले गवत दाखवायला नेले. त्यांनी बघितले. त्यांनाही, मला पहिल्यांदा दिसले होते तेवढेच दिसले. शेवटचे चार दिवस आईने दूध मला आणायला लावले, मोटारीने. खालच्या बाईंचा ब्रेडही मीच आणला. आई गेल्यावर दोन आठवड्यांनी कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला एक फळी निखळलेली दिसली. ती कुणी काढली ते मला ठाऊक नाही, आणि मी चौकशीही केली नाही.

२०१७ साली आम्ही परतलो. परतल्यावर मी रोज पायी हिंडू लागलो असेन, अशी तुमची समजूत झाली असेल तर ती चुकीची आहे. आमच्या घरापासून दूधडेअरी तीनशे पावलांवर. मी मोटारसायकलला किक मारून दूध आणतो असे आईने पाहिले तेव्हा ती म्हणाली, "तिकडं वाट नव्हती म्हून गाडी. हितं काय झालंय?" मी म्हटले, सवय. तिने वर काही विचारले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मी सकाळचे दूध पायी आणतो. संध्याकाळचे अजून गाडीवरच येते, खोटे कशाला बोलू?

पण आईच्या गावाला आता वाट उरली आहे का, हाच प्रश्न पडला आहे. तिच्या गावावरून जाणारा रस्ता रुंद झाला. चार पदरी, मधे दुभाजक. रस्ता हवाच होता. अंजिरे आणि सीताफळे पुण्याच्या बाजारात लवकर पोचतात, बाळंतिणीची गाडी खड्ड्यात अडकत नाही. पण गाव रस्त्याच्या एका अंगाला राहिले, आणि शाळा, पिठाची गिरणी आणि डेअरी दुसऱ्या अंगाला. दुभाजकातली मोकळीक गावापासून अर्धा मैल पुढे. पूर्वी आईला गिरणी दीडशे पावलांवर होती. आता नियमाने गेले तर जाऊन अर्धा मैल आणि येऊन अर्धा मैल, डोक्यावर दळण घेऊन. म्हणून बाया दुभाजकावर चढून पलीकडे उतरतात, आणि दप्तर पाठीला लावून पोरेही. दुभाजकाच्या एका जागी सिमेंटचा कोपरा झिजून गुळगुळीत झाला आहे. आईने मला तो हात लावून दाखवला. म्हणाली, "ही बघ, हितंबी पाऊलवाट."

पालखीच्या रस्त्याचे काम २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झाले तेव्हा असे जाहीर झाले की दोन्ही अंगांना वारकऱ्यांसाठी चालायची वेगळी वाट ठेवायची. मला त्याचा आनंद आहे. चालणाऱ्याचा विचार नकाशावरच झाला. आमचे गाव त्या रस्त्यावर नाही, आत आहे. आई म्हणते, वारी वर्षातून एकदा आणि दळण आठवड्यातून दोनदा.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी आणि मी मिळून सातवीच्या मुलांकडून एक काम करवून घेतले. प्रत्येकाने घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायचा, पावले मोजून. कुठे पदपथ आहे, कुठे गटार उघडे आहे, कुठे थांबावे लागते, रस्ता कुठून ओलांडतो, सगळे खरे लिहायचे. मार्क कापणार नाही असे आधी सांगितले. मुलांनी उत्तम नकाशे काढले. त्यांत चिंचेचे झाड होते, कुणाच्या दारातले कुत्रे होते, आणि निम्म्याहून अधिक नकाशांत दुभाजकावरची ती झिजलेली जागा होती, बहुतेकांनी ती लाल पेन्सिलीने काढलेली. आईच्या चालीवर रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात तेही आम्ही घड्याळ लावून मोजले. हे नकाशे, तो आकडा आणि ग्रामसभेचा ठराव जोडून, त्या जागी ओलांडण्याची सोय करावी असा अर्ज योग्य त्या कचेरीत दिला आहे.

अर्जाची पोच मिळाली आहे. आई दर आठवड्याला विचारते, कागद कुठवर गेला? आणि मी सांगतो, चालतोय.